शेवटचा चहा किती वाजता घ्यावा? कॅफीन, ॲडेनोसिन आणि झोप

दुपारी चारला घेतलेला चहा रात्री अकरापर्यंत शरीरात किती उरतो, हे कळले की त्याची वेळ ठरवणे सोपे जाते. निरोगी प्रौढाच्या शरीरातील कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे चारला ६० मिलिग्रॅम पोटात गेले असेल, तर नऊला त्यातील ३० आणि अकरालाही २० हून अधिक मिलिग्रॅम शिल्लक असते.

मेंदूच्या पेशी दिवसभर ऊर्जा खर्च करतात आणि त्या खर्चातून ॲडेनोसिन हे द्रव्य साचत जाते. ते पेशींवरील आपल्या ग्राहींवर, म्हणजे संदेश टिपणाऱ्या जागांवर बसले, की जागे ठेवणाऱ्या यंत्रणेचे काम मंदावते आणि झोप येऊ लागते. कॅफीनच्या रेणूची ठेवण ॲडेनोसिनशी इतकी मिळतीजुळती असते, की ते याच ग्राहींवर जाऊन बसते, पण त्यांना कामाला लावत नाही. एसटीत रुमाल टाकून जागा अडवावी, तसाच हा प्रकार. यातील काही ग्राही डोपामिन या उत्साह वाढवणाऱ्या मेंदूतील द्रव्याच्या ग्राहींच्या लगत असल्याने डोपामिनच्या संदेशांना मोकळीक मिळते, आणि चहानंतरची तरतरी बऱ्याच अंशी तिथून येते. ॲडेनोसिन मात्र या काळातही साचतच राहते, म्हणून अंमल उतरला की थकवा एकदम जाणवतो.

प्रथम आपले रोजचे माप काढावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक सूचनांनुसार १५० मिलिलिटरच्या कपात चहातून ३० ते ६५, इन्स्टंट कॉफीतून ५० ते ६५ आणि फिल्टर कॉफीतून ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन मिळते. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. आपल्याकडे चहा बराच वेळ उकळतात आणि बारीक डस्टमधून अर्क लवकर उतरतो, म्हणून घरच्या चहासाठी वरचा आकडा धरणेच शहाणपणाचे. दुधामुळे कॅफीन नाहीसे होत नाही, आणि ‘कटिंगच तर आहे’ म्हणून दिवसभरात घेतलेले सहा अर्धे कप तीन पूर्ण कपांएवढेच भरतात. चहापूड हाताच्या अंदाजाने टाकण्याची सवय असेल, तर निदान आठवडाभर चमचा वापरावा.

त्यानंतर झोपेच्या वेळेआधी आठ तास मोजून तिथे शेवटचा कप ठेवावा. झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीनमुळेही झोप तासाभराहून अधिक घटल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले होते. ‘मला कॉफी पिऊनही छान झोप लागते’ असे सांगणारे अनेक भेटतात. पण झोप लागणे आणि गाढ झोपेचा वाटा पुरेसा मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीला धक्का लागल्याचे झोपलेल्या माणसाला कळत नाही.

चहा कमी करायचा असेल, तर तो एकदम तोडू नये. रोजच्या कॅफीनमुळे मेंदूतील रक्तवाहिन्या किंचित आकुंचित राहतात. ते थांबले की ॲडेनोसिनच्या प्रभावाखाली त्या रुंदावतात आणि डोके ठणकू लागते. ही डोकेदुखी शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत सुरू होते, एक-दोन दिवसांत शिगेला पोहोचते आणि आठवडाभरही रेंगाळू शकते. निर्जळी उपवासाच्या दिवशी डोके धरते, ते दर वेळी पित्तानेच असे नाही. म्हणून आधी संध्याकाळचा कप सोडावा, मग दर तीन-चार दिवसांनी चहापुडीचे माप पाव हिश्श्याने उतरवावे. या काळात डोकेदुखीची गोळी घेताना वेष्टनावरील घटक वाचावेत, कारण अशा काही गोळ्यांत कॅफीनच असते.

हा सगळा हिशेब प्रत्येकाला सारखा लागू पडत नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत कॅफीन शरीरात कितीतरी जास्त वेळ टिकते, गर्भनिरोधक गोळ्यांनी तो वेळ जवळपास दुप्पट होतो, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखे प्रतिजैविक चालू असताना नेहमीच्याच चहाने छातीत धडधडू शकते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने गरोदर स्त्रियांसाठी दिवसाला २०० मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली आहे. थायरॉइडची गोळी चहा-कॉफीबरोबर घेतल्यास तिचे शोषण घटते, तेव्हा दोहोंत किमान अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांचे यकृत कॅफीन भराभर निकाली काढते. हा परिणाम धुरातील घटकांचा असतो, निकोटीनचा नव्हे. त्यामुळे धूम्रपान सोडल्यावर तेवढाच चहा शरीरात जास्त साचतो आणि त्यातून येणारी बेचैनी तंबाखूच्या तलफेच्या खात्यावर जमा होते. सिगारेट सोडण्याच्या आठवड्यात चहाही निम्म्यावर आणावा.