लिक्विड डाएटवर आहात? या चुका टाळा

‘चार दिवस लिक्विडवर ठेवा,’ असं डॉक्टर सांगतात, आपण मान डोलावतो आणि घरी आल्यावर गोंधळ सुरू होतो. दूध चालेल का? मिक्सरमधून काढलेलं सूप? पहिली चूक होते ती दवाखान्यातच. कोणतं लिक्विड, किती दिवस आणि कशासाठी, हे आपण विचारतच नाही.

‘क्लिअर लिक्विड’ म्हणजे ज्यातून आरपार दिसतं ते सगळं: पाणी, गाळलेलं पातळ सूप, गर नसलेला सफरचंदाचा रस, बिनदुधाचा चहा-कॉफी. दूध कितीही पातळ केलं तरी यात बसत नाही. ते ‘फुल लिक्विड’मध्ये, म्हणजे आरपार न दिसणारे द्रवही चालतात त्या आहारात येतं. कोलोनोस्कोपीच्या (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतून तपासणीच्या) आधी क्लिअर लिक्विडच लागतं. त्यातही लाल किंवा जांभळ्या रंगाची जेली आणि पेयं घ्यायची नाहीत, कारण तो रंग आतड्यात रक्तासारखा दिसू शकतो. या आहारात प्रथिनं जवळपास नसतात. त्यामुळे ‘पोट हलकं वाटतंय’ म्हणून तो आपल्या मनाने वाढवू नका.

गिळायला त्रास होत असेल तर

हे मी जरा सविस्तर लिहिते, कारण ही चूक माझ्याच हातून झाली आहे. पक्षाघातानंतर आईला पाणीसुद्धा दाट करून द्यायला सांगितलं होतं. पाण्यात मी थिकनर (दाट करणारी पावडर) न चुकता घालायचे, आणि तिला आवडतं म्हणून वर आइस्क्रीम द्यायचे. दोन चमच्यांनंतर तिला ठसका लागायचा, आवाज ओलसर, घोगरा व्हायचा. कारण नंतर कळलं: आइस्क्रीम आणि जेली चमच्यात घट्ट दिसतात, पण तोंडाच्या उबेने वितळून पाण्याइतकी पातळ होतात आणि श्वासनलिकेत उतरू शकतात. असं वारंवार झालं तर न्यूमोनिया होऊ शकतो.

दाटपणा अंदाजाने ठरवू नका. 10 मिलीची सिरिंज घ्या. तिच्यावरची 0 ते 10 ही पट्टी 61.5 मिलिमीटर लांब हवी. दट्ट्या काढा, खालचं तोंड बोटाने बंद करून 10 मिलीपर्यंत पेय भरा, बोट काढा आणि बरोबर 10 सेकंदांनी पुन्हा लावा. 1 ते 4 मिली उरलं तर पेय पहिल्या पातळीचं, 4 ते 8 उरलं तर दुसऱ्या, 8 च्या वर उरलं तर तिसऱ्या पातळीचं. कोणती पातळी हवी ते गिळण्याची तपासणी करणारे थेरपिस्ट सांगतात. काही पावडरी हळूहळू दाट होत जातात, म्हणून डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या आणि मगच तपासा.

गोळ्यांचंही तसंच. नावापुढे ‘एसआर’, ‘एक्सआर’ असं काही असेल तर ती गोळी कुटू नका. दिवसभर हळूहळू सुटणारं औषध एकदम अंगात जातं. पातळ औषध मिळतं का, ते विचारा.

वजन कमी करायचं असेल तर

इथली सर्वांत मोठी चूक म्हणजे नुसत्या रसावर राहणं. 250 मिली सफरचंदाच्या रसात अर्धा ग्रॅमही प्रथिनं नसतात. तेवढ्याच दुधात सुमारे 8 ग्रॅम असतात. अशाने काटा खाली येतो, पण चरबीबरोबर स्नायूही झिजतात. नुसती प्रथिनं घेतली की भागलं, असंही नाही. 1970च्या दशकात अमेरिकेत कोलॅजनपासून बनवलेल्या निकृष्ट द्रव प्रथिनांवर राहणारी सुमारे 60 माणसं दगावली; त्यांतल्या अनेकांच्या हृदयाचे ठोके बिघडले होते.

नीट आखलेल्या लिक्विड डाएटचा उपयोग होतो, हेही तितकंच खरं. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या चाचणीचे निष्कर्ष 2017 मध्ये आले. त्यात टाइप 2 मधुमेहींना 3 ते 5 महिने रोज 825 ते 853 कॅलरींचे, सर्व पोषणद्रव्यं असलेले शेक आणि सूप दिले. वर्षाअखेर त्या गटातल्या 46 टक्के लोकांची साखर औषधांविना आटोक्यात होती. लोक त्यातला फक्त शेक उचलतात. पण त्यांच्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना चाचणीत घेतलंच नव्हतं. जुने डोस तसेच चालू ठेवून शेक सुरू केलात, तर साखर किंवा रक्तदाब एकदम कोसळू शकतो. गोळ्या स्वतःहून बंद करणंही तितकंच धोक्याचं.

वजन झपाट्याने उतरलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. उजव्या बरगडीखाली कळ येत असेल तर त्याला अ‍ॅसिडिटी म्हणून सोडून देऊ नका.

पुन्हा जेवायला लागताना घाई करू नका. त्या चाचणीतही साधं जेवण 2 ते 8 आठवड्यांत टप्प्याटप्प्याने आणलं होतं. आजारपणात पाचपेक्षा जास्त दिवस पोटात जवळपास काहीच गेलं नसेल, तर एकदम भरपेट खाल्ल्यावर इन्सुलिन वाढतं, फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं, रक्तातली त्यांची पातळी घसरते आणि हृदयावर ताण येतो. अशा रुग्णाला भरलं ताट देण्याआधी डॉक्टरांना फोन करा आणि रक्ताची तपासणी करायची का, ते विचारा.