गोल गळ घेऊन गरवायला जाण्याआधी

रॉड, रीळ, टोपी, पाणी, बॅटरी हे सांगायला नको. भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपटीने काढा, अष्टमीला, म्हणजे आठवी तिथी म्हणून, साधारण सहा वाजता. खाडीच्या मुखाशी जिताडा, तांबोशी हे मासे गरवायचे (गळाने पकडायचे) तर गोल गळच न्या, पण त्याची तयारी घरूनच करून निघा.

सगळ्यात आधी पिशवीत बारीक रबरबँड आणि दाभण टाका. मागच्या खेपेला नेमके हेच राहिले, आमिषाची जिवंत बोय (छोटा मासा) थेट गळाला ओवावी लागली आणि आमिषं नुसती ओढून नेली गेली. गोल गळाची अणी, म्हणजे टोक, दांडीकडे वळलेली असते. मासा आमिष गिळून वळला की गळ घशातून सरकत येतो, जबड्याच्या कोपऱ्यावर फिरतो आणि तिथेच बसतो. त्याला फिरायला अणी आणि दांडीमधली जागा मोकळी लागते. जाड बोयीने ती भरली की गळ तोंडातून सरळ बाहेर! म्हणून रबरबँड. दाभणाने तो बोयीच्या डोळ्यांपुढून आरपार काढा, दोन्ही फास गळात अडकवा, गळ फिरवून पीळ द्या आणि अणी पीळ व डोकं यांच्या फटीतून काढून घ्या. गळ डोक्यावर उघडा राहतो, बोयही जास्त वेळ जगते. किनाऱ्यावरच्या दुकानात रबरबँड मिळेल या भरवशावर राहू नका. आत्ताच ठेवा, आणि दोन डब्यांत ठेवा. आमिष कोळंबी किंवा माकूळ (स्क्विड) असेल तर रबरबँडाशिवाय भागतं. माकुळाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा आणि एका टोकाला एकदाच टोचा. गोळा करून भरलीत तर पुन्हा तेच होणार.

गळ विकत घेताना फरशीवर ठेवून बघा. सपाट बसला तर घ्या. अणी बाजूला वाकलेली असेल तर तो गळ पोटात रुतू शकतो आणि गोल गळ वापरण्याचा अर्थच जातो. पाकिटावरच्या आकड्यावर जाऊ नका, पाच शून्य (५/०) मापाचा गळ प्रत्येक कंपनीचा वेगळा निघतो. आमिष शेजारी धरून माप घ्या. स्टेनलेस नको, तंगूस (गळाची नायलॉन दोरी) तुटून माशाच्या तोंडात राहिलेला साधा गळ गंजून झडतो. अणीजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, लहान जिताडा परत सोडताना जबडा फाटत नाही. तंगूस नेढ्यातून अणीच्या बाजूने आत घालून दांडीला वेढे घाला.

बरोबर कोणी येणार असेल तर घरीच बजावा: झटका मारायचा नाही. ओढ लागली की रॉडचं टोक खाली ठेवून तंगूस ताणू द्या, रॉड वाकला की सावकाश रीळ फिरवा. सवयीचा हात ऐकत नाही, म्हणून रॉड स्टँडवर ठेवलेला बरा. आणि रबरबँड घेतलेत ना? बघा एकदा.

लांब चोचीची पकड हवीच. गळ ज्या वाटेने शिरला त्याच वाटेने उलटा फिरवून काढा. खोल गेला असेल तर ओढू नका, तोंडाजवळ तंगूस कापा. शिंगाळा मासा लागला तर हात लावू नका, काटा विषारी असतो. ओलं फडकं, कात्री, बर्फ. परतल्यावर गळ गोड्या पाण्यात धुवा, बोथट झालेले फेका, आणि कापलेला तंगूस खडकावर टाकून येऊ नका.