शाळेतल्या नळ-संडासासाठी ग्रामपंचायतीकडून पक्का ठराव कसा करून घ्यावा

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर-निपाणी भागातल्या बऱ्याच मराठी शाळांत संडास आहे, पण त्याला पाणी नाही, नाहीतर पहिलीच्या पोराचा हात कडीला पोहोचत नाही. त्यामुळे नुसतं ‘संडास बांधून द्या’ म्हणून काही साधत नाही.

मुलगे, मुली आणि चालू संडास वेगवेगळे मोजा. 40 मुलांमागे एक संडास हवा. पहिलीतलं सगळ्यात बुटकं मूल भिंतीशी उभं करा, त्याचा हात सहज पोहोचतो तिथे खडूने रेघ ओढा आणि फोटो काढा. तोटी आणि आतली कडी त्या रेघेच्या वर नको.

एसडीएमसीचा, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीचा, ठराव करा, पालकांच्या सह्या घ्या.

घोडं अडतं ते ग्रामसभेत. तोंडी मागणीला अध्यक्ष मान डोलावतात, लोक टाळ्या वाजवतात आणि वहीत एक ओळ उतरत नाही. मग क्रियायोजनेत, म्हणजे पंचायतीच्या वर्षाच्या कामांच्या यादीत, फक्त रस्ता आणि गटार दिसतात. म्हणून मागणी आधी वार्डसभेत मेंबरकडून नोंदवा. ग्रामसभेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्ज कन्नडमध्येच लिहा, मराठी प्रत पालकांसाठी ठेवा. मराठीचा हक्क जरूर मागा, पण मुलांचं पाणी त्या वादात अडकवू नका.

सभा उठायच्या आत ठराव वाचून घ्या. ‘शाळेची सोय करणे’ असा ठराव कुचकामाचा. नेमकं काम, इंजिनिअरचं एस्टिमेट आणि निधीचं नाव त्यात हवं. पैसे नाहीत असं उत्तर आलं तर पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, बंधित निधीबद्दल (ठराविक कामासाठीच वापरायच्या पैशाबद्दल) विचारा. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी पंचायतींच्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता.

आणि हमखास राहून जातं ते रोजचं पाणी. टाकीला जोडणी कुठून, वॉटरमनने शाळेच्या घंटेआधी कधी वाल्व्ह सोडायचा, सफाईचा पगार आणि फिनेल कोणाच्या खात्यातून, हे त्याच ठरावात लिहून घ्या. नाहीतर महिन्याभरात दाराला कुलूप लागतं आणि आत खराटे, मोडके बाक साठतात.

मुलांच्या ग्रामसभेत, म्हणजे मक्कळ ग्रामसभेत, मुलींनाच बोलू द्या. पाठ करून घेतलेलं भाषण कोणी मनावर घेत नाही. सातवीतली मुलगी स्वतः उभी राहून पॅडसाठी झाकणाचा डबा मागते, तेव्हा मेंबर ऐकतात. तीही मागणी वहीत चढवून घ्या.

प्लंबर पाइप बसवतो त्या दिवशी खडूच्या रेघेचा फोटो घेऊन तिथे हजर राहा. सवयीने तो मोठ्यांच्या मापानेच तोटी लावतो, आणि एकदा प्लॅस्टर चढलं की ती कोणी खाली घेत नाही.