बोर्ड तुमच्याकडे राहू द्या

पहिल्या वर्षी आमचं हार्डवेअरचं प्रॅक्टिकल दोन तासांचं असायचं. जोडणी करण्यातच निम्मा वेळ जायचा, आणि आउटपुट दिसू लागलं की सगळं सुटं करून डब्यात परत. दुसऱ्या वर्षी प्रत्येकाने स्वतःचं किट आणायचं ठरलं: आर्डुइनो उनो (कोड चढवता येणारा छोटा बोर्ड), ब्रेडबोर्ड (वायरी नुसत्या खोचून जोडणी करायची पाटी), रेझिस्टर, एलईडी, पुश बटणं. मला हार्डवेअर समजायला लागलं ते तेव्हापासून.

पहिला प्रोग्रॅम साधा होता, बटण दाबलं की एलईडी लागायचा. पण हात न लावताही तो मध्येच लुकलुकायचा, वायरीजवळ बोट नेलं की जास्तच. कोड दहा वेळा वाचला, चूक सापडेना. जोडणी टेबलावर तशीच ठेवून झोपलो. सकाळी डेटाशीट, म्हणजे चिपची माहितीपुस्तिका, उघडली तेव्हा उलगडा झाला: बटण दाबलेलं नसताना ती पिन कशालाच जोडलेली नव्हती. अशी अधांतरी पिन आसपासचा विद्युत गोंगाट उचलते आणि कधी १ वाचते, कधी ०. चिपच्या आत २० ते ५० किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर असतोच, तो मोकळ्या पिनला १ वर ओढून ठेवतो. तो कोडमधून चालू केला, बटणाचं दुसरं टोक ग्राउंडला जोडलं आणि एलईडी शांत झाला. (आता दाबल्यावर ० वाचलं जातं, एवढं लक्षात ठेवा.)

लॅबमध्ये असतो तर सरांनी वायर बदलून दिली असती आणि मी पुढच्या प्रयोगाला लागलो असतो. ती चूक रात्रभर माझ्याजवळ राहिली, म्हणून कळली.

किट घेताना वर्गातल्या बहुतेकांकडे आहे तोच बोर्ड घ्या, अडलात तर विचारायला माणसं असतात. मल्टिमीटर घ्याच. यूएसबी केबल डेटाची आहे ना, ते तपासा. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर बोर्डचा दिवा लागतो, पण कोड चढत नाही. उनो ५ व्होल्टवर चालतो आणि रास्पबेरी पाय पिको या दुसऱ्या छोट्या बोर्डच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात, त्यामुळे दोन्ही थेट जोडू नका. उनो आर३ मध्ये रॅम फक्त २ किलोबाइट आहे. मला ते आवडतं, कारण प्रत्येक ॲरे जाहीर करताना विचार करावा लागतो.

ज्यांना घेणं जमत नाही त्यांना कॉलेजने सेमिस्टरभर बोर्ड उसना द्यावा, असं मला मनापासून वाटतं. पावती कोणाच्या नावावर आहे याने फरक पडत नाही. बोर्ड रात्री तुमच्या टेबलावर असला पाहिजे.

लॅबही सोडू नका. पुढे माझा काउंटर एकदा बटण दाबलं की तीनने वाढू लागला. ब्रेडबोर्ड तसाच उचलून लॅबमध्ये नेला आणि ऑसिलोस्कोपला, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राला, जोडला. एका दाबात सिग्नल काही मिलिसेकंद वरखाली उड्या मारत होता, पडद्यावर स्पष्ट दिसत होतं. त्या उड्या काउंटर वेगवेगळे दाब म्हणून मोजत होता.