बांध कोरला, रानाची वाट मोडली: या चुका टाळा

'जनावरं लई वाढलीत' हे बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठल्याही पारावर ऐकू येतं. भातात रानडुकरं, रताळ्यात साळिंदर, उसात बिबट्या. 2022 च्या ऑगस्टमध्ये तर बिबट्या बेळगावच्या गोल्फ मैदानात येऊन राहिला. पण दिसणं वाढलं म्हणजे ती जात सुखरूप आहे असं धरणं, ही पहिली चूक. रानाच्या एका तुकड्यात कोंडलेली जनावरंसुद्धा रोज दिसतात. ती नात्यातच वीण करतात आणि काही पिढ्यांत पिल्लांची मर वाढते, साथीला तोंड द्यायची ताकद घटते. दरसाल घरचंच बी पेरत राहिलं की वाण कसा उतरतो, ते शेतकऱ्याला सांगायला नको. ओडिशातल्या सिमिलीपालच्या जंगलातले रुंद, एकमेकांत मिसळलेल्या काळ्या पट्ट्यांचे वाघ बघायला देखणे, पण तो दुर्मीळ गुण तिथे पसरला तो वाघांची संख्या थोडी आणि बाहेरच्या वाघांशी संबंध तुटलेला म्हणून. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये ते दाखवून दिलं.

आपल्याकडे भीमगड अभयारण्य 2011 साली झालं, सुमारे 190 चौरस किलोमीटरचं. पश्चिमेला गोव्याचं म्हादई अभयारण्य, दक्षिणेला काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, त्यामुळे घाटाच्या अंगाला रान सलग आहे. तुटतं ते पूर्वेकडे उतरताना, आपल्या शेतांत. म्हणून बांध आणि ओढा यांवरच जास्त बोलायला हवं.

ट्रॅक्टरने दरसाल वीतभर बांध कोरायचा आणि उरलेल्यावर तणनाशक मारायचं, ही सगळ्यांत महागडी चूक. करवंद, निर्गुडी, घाणेरीची जाळी असलेला बांध नीट बघा: मुळाशी बीळ, ओल्या मातीत मुंगसाची पावलं, कधी साळिंदराचा गळालेला काटा. ससा, रानमांजर, सरडे, बेडूक याच आडोशाने एका रानातून दुसऱ्यात जातात. बिबट्या उघडं शेत रातोरात ओलांडतो. बेडकाला मात्र तापलेली, औषध मारलेली दहा गुंठे जमीनही भिंतच. जनुकशास्त्रात एक जुना ठोकताळा आहे: दर पिढीला बाहेरून एखादंच जनावर येऊन वीण करून गेलं, तरी दोन तुकड्यांतला जनुकीय दुरावा फार वाढत नाही. म्हणजे अख्खं शेत सोडायची गरज नाही. ओढ्याकाठची सलग पट्टी पुरते. मात्र सलग हवी; मधल्या एका गड्याने काठ साफ केला की वाट तुटली.

कुंपणाचंही तसंच. रात्र-रात्र भाताची राखण ज्याने केली नाही, त्याने 'झटका मशीन (तारेत विजेचा हलका झटका सोडणारं यंत्र) लावू नका' हे सांगू नये. लावा, पण पिकापुरतं. ओढा कुंपणाच्या बाहेर ठेवा आणि कापणी झाली की मशीन बंद करा. शेजारच्या पाच जणांनी तारेला तार जोडली तर मध्ये गल्ली सोडा. डुकरासाठी लावलेली खालची तार रांगत्या जिवांना मारते, म्हणून ती जरूर असेल तेवढेच दिवस ठेवा. थेट लाईनचा करंट सोडणं हा गुन्हा आहे; त्यात माणसंही गेली आहेत.

हिडकल धरणाच्या पाण्यावर माळ फोडून ऊस लावला की बिबट्याला आडोसा मिळतो, पण लांडग्याचं रान जातं. 'हिरवं दिसतं म्हणजे जनावरांना बरं' हा समज म्हणूनच फसवा आहे. उरलेला माळ पडीक समजून तिथे कोंबड्यांची घाण टाकली की मोकाट कुत्री जमतात. रोग तर देतातच, वर लांडग्याशी संकरही होतो. पुण्याकडच्या माळावर जनुकीय तपासणीत असा संकर आढळला आहे. घाण पुरा, उघड्यावर टाकू नका.

पाचट जाळू नका, हे जमिनीसाठी तुम्ही ऐकलेलंच आहे. त्यात होरपळणारे जीवही धरा.

ऊसतोडीच्या वेळची चूक मात्र सर्रास होते. फड चारी बाजूंनी तोडत मध्ये आणला की आतलं जनावर बिथरून माणसांवर येतं. तोड गावाच्या अंगाने धरा आणि ओढ्याकडे सरकवत न्या. बिबट्याची बछडी सापडली तर उचलून फोटो काढत बसू नका, दुसऱ्या रानात नेऊन सोडूही नका. तोड तिथेच थांबवा, वनखात्याला फोन करा आणि माणसं लांब ठेवा. आई बहुतेक वेळा रात्री येऊन त्यांना घेऊन जाते.