डुकरांचा कप्पा: जागा मोजा विक्रीच्या वजनावर

नव्यानं वराहपालन सुरू करणारे भेटले की हमखास विचारतात, "दहा बाय बाराच्या कप्प्यात किती पिल्लं बसतील?" मी त्यांना सांगतो, पिल्लं मोजू नका, विकायला निघालेलं डुक्कर मोजा. पंधरा किलोची यॉर्कशायर जातीची वीस पिल्लं त्या कप्प्यात आरामात पळतात. सहा-सात महिन्यांनी तीच ऐंशी किलोच्या घरात जातात, कप्पा मात्र तेवढाच राहतो.

आपल्याकडची शिफारस अशी: तीन ते पाच महिन्यांच्या जनावराला छपराखाली 10 ते 13 चौरस फूट, पाच महिन्यांनंतर 14 ते 19, आणि जवळपास तेवढीच मोकळी जागा बाहेर. म्हणजे दहा बाय बारामधून गव्हाणीची जागा वजा केली, तर विक्रीपर्यंत सात-आठच डुकरं ठेवायची. युरोपात 85 ते 110 किलोच्या डुकराला किमान 0.65 चौरस मीटर, म्हणजे सात चौरस फूट द्यावे लागतात. तो आकडा पाहून कुणी जागा कमी करू नये. तिथल्या शेडना बहुधा फटींची फरशी असते, हवा पंख्यांनी खेळती ठेवलेली असते. आपल्याकडे सिमेंटचा कोबा, वर पत्रा आणि एप्रिल-मेचं ऊन.

उन्हाचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण सगळं त्यावर येतं. डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही. गारठ्यात ती एकमेकांवर रचून झोपतात. उकाड्यात कुशीवर पडून चारही पाय ताणतात आणि शेजाऱ्याचा स्पर्शही टाळतात. तेव्हा शंभर किलोच्या डुकराला नुसतं पडायलाच दहा-अकरा चौरस फूट लागतात. दुपारी दोन वाजता आवाज न करता शेडमध्ये डोकावा. सगळी एकाच वेळी कुशीवर पडलेली दिसली तर जागा पुरेशी आहे. दोन-चार उभी असतील, एखादं कुत्र्यासारखं बसून धापा टाकत असेल, तर कप्पा भरलाय.

दुसरी खूण शेणाची. डुक्कर झोपायच्या जागी घाण करत नाही. ओला, गार कोपरा धरतं. म्हणून पाण्याचे निपल, म्हणजे तोंडानं दाबून पाणी प्यायच्या तोट्या, मोकळ्या बाजूला लावा, उतार तिकडेच द्या, दहा फुटांना अडीच-तीन इंच. दर दहा जनावरांमागे एक निपल. झोपायची जागाच शेणानं माखू लागली, की एकतर उकडतंय किंवा दाटी झालीय.

दाटीत वाढ का खुंटते? दांडगी गव्हाण अडवतात, दुबळी मागे राहतात. उकाड्यानं सगळ्यांचंच खाणं घटतं. खाणं कमी झालं की वजन कमी, विक्री लांबते, आणि वराहपालनातला सर्वात मोठा खर्च खाद्याचाच. गव्हाणीवर वाढत्या डुकराला तोंडामागे एक फूट द्या, म्हणजे सगळी एकदम खातील.

शेपट्या चावणंही इथूनच सुरू होतं. सरळ लोंबणाऱ्या किंवा पायांत दाबलेल्या शेपट्या दिसल्या की जखम व्हायची वाट पाहू नका. चावणारं आणि चावलेलं, दोन्ही वेगळी काढा. उरलेल्यांना लसूणघास टाका, तागाचा जाड दोर टांगा. तोंडाला काम हवंच. कप्पा विरळ करताना मोठी जनावरं एकत्र उचलून रिकाम्या कप्प्यात न्या. अनोळखी डुकरं एकमेकांत घातली की रक्त निघेपर्यंत भांडतात.

व्यायला आलेल्या मादीचा हिशोब वेगळा. आठवडाभर आधी तिला 80 ते 100 चौरस फुटांच्या स्वतंत्र कप्प्यात घ्या. भिंतीच्या कडेनं, जमिनीपासून आणि भिंतीपासून आठ-दहा इंचांवर दोन इंची पाईप बसवा. मादी भिंतीला घसरत आडवी होते, तेव्हा पिल्लू पाईपाखालून निसटतं. एका कोपऱ्यात बल्ब लावून पिल्लांची ऊबदार जागा आडोशानं वेगळी करा. पहिल्या तीन-चार दिवसांत सर्वात जास्त पिल्लं अंगाखाली चेंगरतात.

शेड आधीच बांधून झालं असेल आणि जागा वाढवता येत नसेल, तर पत्र्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर द्या, बाहेर सावलीत लोळायला उथळ हौद करा आणि मार्चच्या आत भारी जनावरं विकून कप्पा हलका करा. पुढच्या खेपेला पिल्लं कमी घ्या.