कोपऱ्यातला फिरता ट्रे घासतोय? आधी मधला रॉड तपासा

मॉड्युलर किचनच्या कोपऱ्यातला फिरता ट्रे घासायला लागला, की पहिला सल्ला मिळतो तो तेल सोडण्याचा. तेलाने आवाज दोन दिवस कमी होईल, घासणं थांबणार नाही. बहुतेक वेळा मधला रॉड ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभा, नसतो, नाहीतर ट्रे रॉडवर सैल झालेला असतो. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी दोष ओळखा.

ट्रे रिकामा करा आणि सावकाश पूर्ण फेरा द्या. तो कपाटाच्या एकाच जागी घासत असेल आणि ट्रेच्या कडेला सगळीकडे ओरखडे असतील, तर रॉड कललाय. उलट ट्रेचा एकच भाग फिरताना जागोजागी टेकत असेल, तर रॉड सरळ आहे. ट्रे वाकलाय किंवा त्याचा स्क्रू ढिला आहे. हे न बघता पाना हातात घेऊ नका.

सैल ट्रे बसवणं सोपं. रॉडभोवतीच्या कॉलरमध्ये, म्हणजे ट्रेच्या मधल्या कड्यात, छोटा स्क्रू असतो, बहुधा अ‍ॅलन कीचा (षटकोनी खाचेचा). तो सोडण्याआधी ट्रेखाली दोन डबे उभे करा, नाहीतर ट्रे धाडकन खाली येतो आणि बोटं सापडतात. जुन्या स्क्रूने रॉडवर खळगा पाडलेला असेल, तर ट्रे ४-५ मिमी वर किंवा खाली घ्या. त्याच खळग्याच्या काठावर आवळलात, तर स्क्रू पुन्हा घसरणारच. रॉडला मुळातच भोक दिलेलं असेल, तर मात्र स्क्रू भोकातच बसला पाहिजे. खालच्या ट्रेखाली पुसायचं फडकं फिरेल इतकी, साधारण ३० मिमी, जागा ठेवा.

आता रॉड. खरी चूक होते ती इथे. पाणसळ (बुडबुड्याने सरळपणा दाखवणारी पट्टी) रॉडला समोरून लावतात, सरळ दिसला की काम झालं म्हणतात. रॉड समोरून सरळ आणि बाजूने कललेला असू शकतो. पाणसळ दोनदा लावा, एकदा समोरून आणि एकदा त्याच्या काटकोनात. पाणसळ नसेल तर दोऱ्याला जड नट बांधून ओळंबा करा. दोरा आणि रॉड यांतलं अंतर वर-खाली सारखं हवं.

रॉडची दोन टोकं दोन ब्रॅकेटनी धरलेली असतात; सरकवायचं ते वरचं ब्रॅकेट. खालच्यावर सगळा भार आणि बेअरिंग असतं, ते घट्ट असेल तर त्याला हात लावू नका. वरचे स्क्रू काढा, रॉड ओळंब्यात आणा, ब्रॅकेटची नवी जागा पेन्सिलीने आखा. ही जागा जुन्यापासून बहुतेक दोन-तीन मिमीच दूर असते आणि तिथेच घोटाळा होतो: स्क्रू आवळताना जुन्या भोकाकडे ओढला जातो, रॉड पुन्हा होता तिथे. म्हणून जुन्या भोकांत फेव्हिकॉल लावलेल्या टूथपिक ठोकून भरा, रात्रभर वाळू द्या, मग नव्या जागी आधी बारीक ड्रिल मारून स्क्रू लावा. घाई करून त्याच दिवशी आवळू नका. १८ मिमीच्या प्लायला १६ मिमीचा स्क्रू पुरे; लांब स्क्रू प्लायच्या पार जाऊन ओट्याच्या दगडावर अडतो आणि ब्रॅकेट उचलतो. रॉडची लांबी कमी-जास्त करता येत असेल तर तो वरून रेटून बसवू नका, बेअरिंग दाबलं जाऊन ट्रे जड फिरतो.

खालचं ब्रॅकेटच हलत असेल तर तळाचा बोर्ड बोटाने दाबून बघा. सिंक शेजारी असेल तर पार्टिकल बोर्ड पाण्याने फुगलेला असतो, त्यात स्क्रू धरत नाही. आधी गळती बंद करा, फुगलेला भाग काढा आणि ब्रॅकेटखाली मरीन प्लायचा तुकडा घाला. त्याने ब्रॅकेट जेवढं वर येईल, तेवढा रॉड आखूड करावा लागेल.

दार ट्रेलाच जोडलेलं असेल तर त्याच्या फटी सर्वांत शेवटी जुळवा, दोन्हीकडे २-३ मिमी. रॉड वाकडा ठेवून दार जुळवणं म्हणजे महिन्याभराने तेच काम परत.

वंगण अगदी थोडं. खोबरेल किंवा खायचं तेल कधीच नको. पिठाची धूळ बसून त्याचा चिकट लगदा होतो. जुना मळ पुसून स्टीलच्या बेअरिंगला तुरीच्या दाण्याएवढं ग्रीस, नायलॉनच्या बुशला (रॉड ज्यात फिरतो त्या कड्याला) सिलिकॉन स्प्रे. गंज सोडवायचा स्प्रे वंगणाचं काम फार दिवस करत नाही.

सामान परत लावताना जड डबे खालच्या ट्रेत, रॉडजवळ आणि समोरासमोर ठेवा. पाच लिटर तेलाचा कॅन साडेचार किलोच्या आसपास भरतो. तो एकटा कडेला ठेवलात तर कॉलरचा स्क्रू रोज थोडा थोडा सैल होतो. पावसाळा संपला की दिवाळीच्या साफसफाईत ट्रे रिकामे होतातच, तेव्हा प्रत्येक स्क्रू एकदा आवळून घ्या.